फाल्गुनातलं परडं: काय काढायचं, काय ठेवायचं?

परड्यातली

आमच्याकडं परडं साफ करायचा मुहूर्त ठरलेला आहे. शिमगा झाला की पाडव्याच्या आत. मी पतसंस्थेत कामाला आहे, म्हणजे नेमका हाच काळ मार्चएंडचा. दिवसभर थकबाकीदारांना फोन, संध्याकाळी व्हाउचरं जुळवायची, घरी यायला रात्र. तरी सकाळी उजाडायला मी खुरपं घेऊन परड्यात असते. ताळेबंदाची उपमा इथं देणार नाही, दिवसभर तेच करून जीव विटतो.

परडं म्हणजे घरामागचा तुकडा, फार मोठं काही नाही. कोल्हापुरात सानेगुरुजी वसाहतीच्या बाजूला जुनं बैठं घर, मागं पाण्याची टाकी, धुण्याचा दगड आणि कंपाउंडपर्यंत थोडी माती. शेवगा, कढीपत्ता, जास्वंदी, मोगरा, खुरचाफा आणि टाकीला लागून रामफळ. गल्लीच्या तोंडाला पिंपळ आहे, त्याचा निम्मा पाला आमच्याकडं. खराट्यानं एका कडेनं ओढत आणेपर्यंत मागं परत पडलेला असतो. त्याच्याशी मी भांडत नाही.

खरं काम लव्हाळ्याचं. वरून ओढला की पात हातात येते आणि वाटतं, निघाला. खाली वीतभर खोल त्याची गाठ असते, काळपट, वासाला उग्र. ती धरून खुरप्याच्या टोकानं माती सैल करत गेलं की पुढं बारीक मूळ, त्याला दुसरी गाठ, मग तिसरी, जपमाळेच्या मण्यांसारखी ओळच निघते. मध्येच तुटली की राहिलेली प्रत्येक गाठ वळवाच्या पहिल्या सरीला कोंब काढणार. त्यामुळं घाई करून चालत नाही, आणि दुसऱ्याला सांगूनही चालत नाही. गड्याला लावलं की तो कुदळीनं सगळं उलथून देतो, चार दिवस परडं देखणं दिसतं आणि आषाढात दुप्पट लव्हाळा.

आता या फोरमवर हा धागा काढायचं कारण. जो तो सांगतो, बागेत काम केलं की मन शांत होतं. माझं नाही होत. एका जागी उकिडवं बसून हात चालू राहिले की जे वर्षभर बाजूला सारलेलं असतं तेच वर येतं. नणंदेशी तुटलेलं बोलणं, मुलाचं ॲडमिशन, बढतीसाठी मी अर्ज का केला नाही. पण एक आहे, त्या वेळी ते टोचत नाही. हाताला दुसरं काम असतं म्हणून असेल.

परवा आत्या (सासूबाई) शेजारी पाटावर बसून शेवग्याची पानं निवडत होत्या. मी मातीत, त्या सुपात, दोघींच्या माना खाली. मध्येच म्हणाल्या, "ते रामफळ काढून टाक गं."

मला वाटलं चुकून ऐकलं. ते झाड मामांनी (सासऱ्यांनी) लावलेलं. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. आम्ही सगळ्यांनी ते झाड आत्यांसाठी जपलंय. टाकीला भेग गेली तेव्हा गवंड्यानं सांगितलं होतं की मूळ आत शिरलंय, तरी कुणी विषय काढला नाही.

"मला ते कवा आवडलंच न्हाई. वटवाघळं येत्यात, टाकीवर सगळी घाण. धुण्यावर डाग पडत्यात."

"मग इतकी वर्षं बोलला का न्हाईसा?"

"कुणी इचारलं?"

आणि परत सुपात मान.

चहा पिताना समोरासमोर बसून हे बोलणं झालं नसतं याची मला खात्री आहे. तर विचारायचं हे की तुम्ही या दिवसांत परड्यात, गच्चीत, शेताच्या बांधावर काय करता? काय काढता, काय ठेवता? ते करताना डोक्यात काय चाललेलं असतं? आणि रामफळाचं काय करू, तेही सांगा. त्याला आत्ता फळं लागलीत.

खासबागी

कुणी इचारलं! 😄 ताई, आत्यांना आमचा दंडवत सांगा.

टेरेसवाली

आम्ही राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर, परडं फक्त माहेरी गेल्यावर. पण कुंड्या आहेत आणि शिमग्यानंतर कुंड्या पालथ्या घालणं हे माझंही ठरलेलं काम. कुंडी आडवी करायची, बुडावर थापट्या मारायच्या, सगळा गोळा बाहेर. वर्षभर जिला पाणी कमी पडतंय असं वाटत होतं त्या जास्वंदीच्या कुंडीत मातीच उरली नव्हती, नुसती मुळं, गोल गोल फिरून कुंडीचाच आकार घेतलेली. बाहेरची मुळं कात्रीनं कापली, निम्मी माती नवी घातली, वरच्या फांद्याही तेवढ्याच उतरवल्या. खालची मुळं कमी केली की वरचा पसाराही कमी करावा लागतो, नाहीतर या उन्हात झाड मान टाकतं. आठ-दहा दिवस सावलीत ठेवायचं.

मोगऱ्याची छाटणी मात्र थंडी सरतानाच उरकलेली बरी. तेव्हा छाटून थोडं पाणी तोडायचं, पानं मलूल झाली की बुडाशी शेणखत आणि भरपूर पाणी. आता कळ्या धरल्यात.

डोक्यात काय चालतं म्हणाल तर खरं सांगू? खालच्या मजल्यावरच्या काकू पाणी गळतंय म्हणून कधी ओरडतील, हेच.

मळेकरी

ताई, लिहिलंय झकास. पण एक बोलू का, राग मानू नका. हे मनन-चिंतन परडंवाल्यांना सुचतं. आमच्याकडं मार्च म्हणजे ऊस तुटून जायची वाट बघायची. टोळी आली तर गाडी न्हाई, गाडी आली तर टोळी दुसऱ्याच्या फडात. मागच्या पट्टीतला हरभरा काढायचा, पाण्याची पाळी रात्री दोनला. बांधावर बसून आयुष्याचा इचार करायला बसलो तर म्हातारा खोऱ्याचा दांडा दाखवंल.

तरी तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो. मला या दिवसांतलं एक काम आवडतं, खोडव्याचं. ऊस तुटून गेला की रान उघडं पडतं. सगळीकडं पाचट म्हणजे उसाचा वाळका पाला, मध्ये कोयत्यानं तोडलेली बुडकी, काही वीतभर वर राहिलेली. ती धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटून घ्यायची. वर राहिलेल्या कांडीवरचे डोळे फुटले तर फुटवा हलका येतो, जमिनीखालचा डोळा फुटला तर त्याला स्वतःच्या मुळ्या सुटतात. एकेक बुडका वाकून छाटायचा. कंबर मोडते, पण मागं वळून बघितलं की रान तासून काढल्यागत दिसतं. पंधरा-वीस दिवसांत त्याच बुडक्यातनं हिरवं पोंगं. नवी लागण न्हाई, बेणं न्हाई, तोच ऊस परत.

आणि पाचट जाळायचं न्हाई. आमचा म्हातारा काडी लावायचा, सगळीच लावायची. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. ते सरीत दाबून वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवायचं जिवाणू खत टाकलं की पावसाळ्यापर्यंत त्याची माती होते. उन्हाळ्यात पाण्याची पाळी लांबली तरी सरी ओली राहते. तुमच्या परड्यातबी चालंल. झाडाच्या बुडाला तीन-चार बोटं जाड पाचट अंथरा, खोडाला चिकटवू नका. लव्हाळा मात्र त्यातनंबी वर येणार.

परड्यातली

मळेकरी दादा, राग कसला. आमच्या माहेरी शेतीच आहे, वडिलांनाही बांधावर निवांत बसलेलं मी बघितलेलं नाही. पण "मागं वळून बघितलं की" हे जे तुम्ही लिहिलंय, मी त्याबद्दलच विचारत होते.

दूरदेशी

मूळची शाहूपुरीची, आता अमेरिकेत मिनेसोटात. इथं परड्याची साफसफाई एप्रिलच्या शेवटी सुरू होते, कारण त्याआधी कधी बर्फ, कधी चिखल असतो. पाला गेल्या ऑक्टोबरातला, बर्फाखाली दबून ओल्या कागदांचा थर झालेला. मला आधी गंमत वाटायची, आपल्याकडं पानगळ आणि पालवी एकाच महिन्यात उरकते आणि इथं दोन्हींच्या मध्ये अख्खा हिवाळा.

इथले जाणते लोक सांगतात, घाई करू नका. जमीन ओली असताना लॉनवर चाललं की माती दबून घट्ट होते. आणि वाळक्या दांड्यांच्या पोकळीत रानटी मधमाशा हिवाळा काढून बसलेल्या असतात, त्यामुळं दिवसा ऊब टिकायला लागेपर्यंत दांडे कापायचे नाहीत, कापले तरी खाली वीत-दीड वीत खुंट ठेवायचे. मे महिन्यात गवतच कापायचं नाही अशीही एक चळवळ आहे, ब्रिटनमधून आलेली. शेजारीपाजारी नाकं मुरडतात, कारण इथं कापलेलं लॉन म्हणजे घराची अब्रू.

आम्ही दोघं रेक घेऊन पाला ओढतो. सहा महिने घरात कोंडून एकमेकांवर वैतागलेले असतो. बाहेर आल्यावर भांडायलाही जरा ऐसपैस जागा मिळते.

झाडवेडा

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं मास्तरकीचं लिहितो. कंटाळा आला तर खाली सरका.

दूरदेशींनी पानगळीचं बरोबर टिपलंय. तिकडची झाडं थंडीला भिऊन पानं टाकतात, आपली कोरड्या हवेला. पान पडायच्या आधी झाड त्यातलं नत्र, स्फुरद जमेल तेवढं परत फांदीत ओढून घेतं आणि देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार करून दार लावून घेतं. म्हणजे पान गळतं ते आतलं सामान काढून घेतल्यावर. पिंपळ, कडुनिंब हे सगळं फाल्गुनात करतात आणि पाऊस लांब असताना, भर उन्हाळ्याच्या तोंडावर नवी पानं काढतात. पिंपळाचं कोवळं पान तांबूस असतं, तो रंग कोवळेपणी उन्हापासून राखण करतो असं मानतात.

आता कामाचं. या दिवसांत सीताफळ आणि खुरचाफा उघडे-बोडके दिसतात. नवीन घर घेतलेले लोक "वाळलंय" म्हणून सीताफळ तोडतात, दरवर्षी एक तरी ऐकतो. तोडायच्या आधी फांदीची साल नखानं जरा खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी, कोरडं असेल तर थोडं खाली येऊन परत खरवडा. जिथं हिरवं लागतं तिथवर छाटायचं, त्याच्या खाली नाही.

दुसरं, फांद्या उतरवायच्या आधी झाडात नीट बघा. बुलबुल, शिंजीर, शिंपी यांची घरटी याच काळात असतात. शिंजिराचं घरटं लोंबतं आणि त्यात कोळ्याची जाळी, वाळका पाला, काहीबाही अडकवलेलं असतं, त्यामुळं कचरा समजून लोक ओढून काढतात.

तिसरं, पाल्याच्या ढिगात थेट हात घालू नका. आधी काठीनं हलवा. विंचू, घोणस, काहीही असू शकतं.

आणि रामफळ. ताई, ते काढायचं ठरवलंत तरी परस्पर तोडता येणार नाही. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. झाड तुमच्या खासगी जागेत असलं तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्जात कारण लिहायचं, पाहणीला माणूस येतो. टाकीला भेग हे कारण सांगता येईल. पण त्याआधी गवंड्याला परत एकदा विचारा, की मूळ भेगेमुळं आत गेलं की मुळामुळं भेग पडली. बऱ्याचदा पहिलं असतं. मूळ ओलीच्या वासानं जातं.

(जाता जाता: रामफळ आणि सीताफळ, दोघंही मूळचे अमेरिका खंडातले. नावं आपण दिली.)

खासबागी

मास्तर, आत्यांना कायदा सांगायला तुम्हीच या.

दुधाळीकर

आमचं घर पुराच्या पट्ट्यात. म्हणून माझं उत्तर जरा वेगळं येईल.

बाहेरगावच्यांसाठी: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत ते ५५ च्या वर गेलं. आमचं परडं दोन्ही वेळा कित्येक दिवस पाण्याखाली. उतरल्यावर सगळीकडं चिखलाचा थर आणि वास. तो वास मी लिहू शकत नाही.

घर धुण्यातच दिवाळी आली, परड्याकडं कुणी बघितलं नाही. त्या फाल्गुनात पहिल्यांदा मागं गेलो. गाळ वाळून त्याला हातभर लांब भेगा पडलेल्या. पपई, शेवगा कधीच कुजून आडवे झालेले. त्यांची मुळं पाणी साचलेलं सहन करत नाहीत, ते दोन दिवसांतच जातात. कढीपत्ताही गेला. नारळाला काही झालं नव्हतं. जांभळाची खालची सगळी पानं करपून गेलेली आणि शेजारच्यांनी ते कापायला माणूसही बघून ठेवला होता. माझी आई म्हणाली, पाडव्यापर्यंत थांबा. नखानं खरवडायचं वगैरे तिला माहीत नव्हतं, तिचा हिशोब पंचांगाचा. पाडव्याला जांभळाच्या बुंध्यावर, पाण्याच्या खुणेच्या खाली, तांबडे कोंब होते.

गाळ आम्ही काढला नाही, भेगांत जुनं शेणखत भरून खोऱ्यानं वर-खाली केला. पुढच्या दोन वर्षांत जो तांबडा माठ आला तसा परत आला नाही.

काय काढतो, काय ठेवतो याचं उत्तर आता भिंतीवर आहे. पाण्याची खूण आम्ही पुसलेली नाही. तिच्या खाली जमिनीत लावायचं ते एकतर पुरात टिकणारं, नाहीतर एका हंगामात येऊन जाणारं. भाजीपाला, झेंडू. जे जिवापाड आहे ते कुंडीत, उचलून गच्चीवर नेता येईल असं. आईची तुळस, बाबांचा गुलाब. दर फाल्गुनात कुंड्या बघताना मी एकदा उचलून बघतो, अजून एकट्याला उचलते का. गेल्या वर्षी गुलाब उचलेना, म्हणून छाटला.

टेरेसवाली

दुधाळीकर, हे वाचून थांबले. आमच्या गच्चीवर जागा आहे. पावसाळ्यात कुंड्या आणून ठेवा, खरंच.

खासबागी

पाल्याचं काय करता सगळे? आमच्या पेठेत शिमग्याला सगळा पाला-पाचोळा, मोडकी खुर्ची, जे सापडेल ते होळीत. लहानपणी मजा यायची. आता आमच्या तालमीनं होळी लहान केली आणि उरलेल्या शेणी (गोवऱ्या) पंचगंगा स्मशानभूमीला पोच केल्या. बाहेरच्यांना सांगतो, आमच्या इथं अंत्यसंस्काराला शेणी लागतात आणि लोक त्या दान देतात. आमच्या आजीचं सगळं शेणींवरच झालं. त्यामुळं होळीत शेणींची रास बघितली की आता हात आखडतो.

पाला मात्र कोपऱ्यात ढीग करून पेटवणारे अजून आहेत. आमच्या समोरचे काका रोज सकाळी. बोललो तर म्हणतात, डास जातात. डास कुठले जातात, आमची पोरं खोकून मरतात.

झाडवेडा

काकांना सांगा, उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ च्या डिसेंबरात ५,००० रुपये दंड ठरवून दिला, ढीग मोठा असेल तर २५,०००. अर्थात दंडापेक्षा एक पिंप दिलंत तर काम लवकर होईल. जुन्या पिंपाला खाली-बाजूला भोकं, त्यात पाला, दोन-तीन पाट्यांमागं थोडं शेण किंवा ताक, वरून पाणी. ओलं राहिलं तर पावसाळ्यापर्यंत अर्ध्यावर येतं. पिंपळाचं पान चिवट असतं, पायानं चुरून टाका.

घाई असेल तर जीवामृत. २०० लिटरला १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. घरच्या बादलीला याचा दहावा हिस्सा. सावलीत ठेवून दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. गूळ कोल्हापुरात सांगायला नको, पण रसायन घातलेला पांढरा-पिवळा नको, काळा घ्या. आठवड्यात संपवा.

मळेकरी

गूळ आणि झाडाला! आमच्या गुऱ्हाळाच्या काकवीचा भाव बघा आधी. 😄 मळीचं खत घाला की, साखर कारखान्याची मळी, म्हणजे रसाचा गाळ, कुजवून स्वस्तात पडते. पण एक ध्यानात ठेवा, न कुजलेलं शेणखत परड्यात आणू नका, त्यातनं हुमणी, मुळं खाणारी अळी, येती. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी तिचे भुंगेरे कडुनिंबावर, बाभळीवर गोळा होतात. तेव्हा फांद्या हलवून खाली पडलेले गोळा करायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. एक मादी मारली की पुढच्या पन्नास-साठ अळ्या टळल्या.

परत_आलेला

बरेच दिवस वाचतोय, पहिल्यांदाच लिहितोय.

जानेवारीत पुण्यातली नोकरी गेली. एका सकाळच्या कॉलवर पंधरा मिनिटांत. घरी कळंब्याला परत आलो. आईनं विचारून झालं, मामानं विचारून झालं, शेजारच्या काकांनी तर पगार किती होता तेही विचारलं. बाबा काहीच बोलले नाहीत. ते निवृत्त झाल्यापासून घरामागच्या तुकड्यात असतात. दोन दिवसांनी मला हाक मारली, टिकाव दिला आणि म्हणाले, ही हराळी मुळापासून काढायची आहे, वरवर नको.

तेव्हापासून रोज सकाळी आम्ही दोघं. ते पुढं टिकाव मारतात, मी मागनं मुळ्या वेचून बुट्टीत टाकतो. हराळी लव्हाळ्यापेक्षा बरी, निदान दिसते तरी. पांढरी मुळी हातभर निघाली की बाबा खूश होतात. मधल्या काळात त्यांनी मला भेंडी, गवार आणि दोडका लावायला शिकवलं. भेंडीचं बी रात्री भिजवायचं, दोडक्याला आधी मांडव.

शिमग्याच्या आदल्या दिवशी, खाली बघूनच, ते म्हणाले, "मला पण एकदा काढलं होतं. तू तेव्हा बालवाडीत होतास." एवढंच. मी घरात हे कधीही ऐकलेलं नव्हतं. आईलाही नीट माहीत नाही असं मला वाटतं, तिला पगार उशिरा होतोय असं सांगितलं होतं म्हणे. नंतर ते दोडक्याच्या मांडवाला सुतळी कशी बांधायची ते सांगत बसले.

मुलाखती चालू आहेत. परड्यातली ताई, तुम्ही लिहिलंय ना, दोघींच्या माना खाली. ते वाचून लिहावंसं वाटलं.

टेरेसवाली

❤️ भेंडी लागली की फोटो टाक.

दूरदेशी

बाबांना नमस्कार सांग. आणि सीव्ही पाठव, आमच्या ह्यांच्या ऑफिसात भारतातल्या टीमसाठी माणसं घेतायत. निरोपातून बोलू.

मळेकरी

भावा, टिकाव मारताना पायात बूट घाल. बाकी काय सांगू, तुझा बाप हुशार हाय.

परड्यातली

परत_आलेला, तुमचा प्रतिसाद रात्री आत्यांना वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, दोडका कुठला, गावठी का?

रामफळाचं सांगते. काल गवंड्याला बोलावलं. मास्तरांचं खरं निघालं, भेग आधीची होती, मूळ ओल शोधत आलंय. टाकीला आतून प्लास्टर करून घेणार. हे आत्यांना सांगितलं तर म्हणाल्या, बरं झालं. मी विचारलं, मग झाड ठेवायचं का? तर म्हणाल्या, "ठेव की. पर धुण्याची तार हिकडं घे."

म्हणजे त्यांना काय नको होतं, तार की झाड, की आम्ही सगळे त्या झाडाकडं बघून करतो तो चेहरा, हे मला अजून कळलेलं नाही. तार हलवली. फळं उतरल्यावर टाकीकडची एक फांदी कमी करायची आहे, त्यासाठीही पालिकेत विचारूनच. वटवाघळांचं काही करणार नाही, त्यांना जायला तरी दुसरी कुठली झाडं ठेवलीत आपण.

आणि नणंदेला फोन केला. उचलला नाही. पाडव्याला परत करते.

दुधाळीकर

टेरेसवाली ताई, कुंड्यांचं मनावर घेतो. जूनच्या सुरवातीला येईन, खालच्या काकूंना आधी सांगून ठेवा.

झाडवेडा

कुणाकडं हळदीचे कंद आहेत का? अक्षय्य तृतीयेला लावायचेत, घरची सगळी विकली गेली. बदल्यात खुरचाफ्याच्या फांद्या देतो, पांढरा आणि गुलाबी दोन्ही. कापून ठेवल्यात, चीक वाळतोय, आठवडाभरानं मातीत खोचा.

मळेकरी

हळद हाय की, मागच्या दाराला पोत्यात पडल्या. मास्तर, रविवारी गाडी मार्केट यार्डात येणार आहे, सकाळी नऊच्या आत या. पाचट पाहिजे असंल त्यांनी पोती आपली आपण आणा, आणि गुलाबी चाफ्याची एक फांदी बायकोसाठी बाजूला ठेवा.